चिठ्ठी फाडून देता येईल अशी खिशातली वही: खान्देशात ती कशी मिळवायची

चोपडा तालुक्यात केळी आणि कपाशीच्या प्लॉटवर फिरून फवारणीचा सल्ला देणं हे माझं काम. बांधावर उभं राहून पीक बघायचं, औषधाचं नाव आणि प्रमाण कागदावर लिहायचं, पान फाडून शेतकऱ्याच्या हातात द्यायचं. तो ते खिशात घालतो, दुपारनंतर गावात येतो आणि दुकानदाराला दाखवतो. माझं सगळं काम त्या तळहाताएवढ्या चिठ्ठीवर चालतं.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका उकाड्याच्या दुपारी मी एका आजोबांना चिठ्ठी दिली. औषध लिटरला १.५ मिली. वही एका कंपनीने फुकट दिलेली स्पायरलची, पेन जेलचं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "भाऊ, हाई काय लिखेल शे? दीड का पंधरा?" घामाने शाई पसरली होती आणि मधला टिंब गायब झाला होता. त्यांनी विचारलं म्हणून निभावलं. नाहीतर १५ लिटरच्या पंपात २२.५ मिलीच्या जागी २२५ मिली औषध गेलं असतं. कपाशी जळाली असती ती असतीच, पण पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

त्या दिवसापासून मी चांगली वही शोधायला लागलो. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ सगळीकडे फिरलो, ऑनलाइन मागवून बघितल्या, शेवटी करून घ्यायला शिकलो. तुम्ही आशासेविका असाल, ठेकेदार असाल, केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी असाल किंवा नुसतं खिशात काहीतरी टिपायला हवं असेल, तरी हा शोध तुम्हाला नव्याने करायला लागू नये म्हणून क्रमाने सांगतो.

१. आधी खिसा मोजा

हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या दोन वह्या मी नुसत्या आवडल्या म्हणून घेतल्या आणि दोन्ही खिशातून वर डोकावत होत्या. केळीच्या बागेत वाकलो की वही चिखलात.

पट्टी घ्या, शर्टाच्या खिशाची आतली रुंदी आणि खोली मोजा. वही रुंदीला किमान दीड-दोन सेंटीमीटर कमी हवी, कारण खिशात पेन आणि मोबाइलही असतो. मापं ओळखायला सोपी आहेत. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की ए-सिक्स, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिमी. आठ केले की ए-सेव्हन, ७४ गुणिले १०५ मिमी. ए-सिक्स बहुतेक शर्टांना मोठा होतो, पँटच्या मागच्या खिशात ठेवला तर बाइकवर बसून मोडतो. माझा कौल ए-सेव्हनला किंवा त्याहून किंचित मोठ्याला.

बहिणींनी आधी कुर्त्याला खिसा आहे का बघावा. नसेल तर पर्सच्या बाहेरच्या कप्प्याचं माप धरा.

२. पान कसं सुटतं ते बांधणी बघून ओळखा

दुकानात सगळ्या वह्या 'पान फाडता येतं' असंच सांगून विकतात. पान तर कुठल्याही वहीचं फाडता येतं. ते सरळ सुटतं का आणि मागे राहिलेली वही शाबूत राहते का, हे बघायचं. बांधणीवरून बहुतेक गोष्ट कळते.

मधोमध पिना मारलेली वही, शाळेच्या वहीसारखी. हिच्यात एक पान दुसऱ्या बाजूच्या पानाशी जोडलेलं असतं. पुढचं फाडलं की मागचं जोडीदार पान सैल होतं आणि आठवडाभरात निसटतं. फाडायच्या कामाला ही घेऊच नका, कागद कितीही चांगला असो.

स्पायरल. पान लवकर सुटतं, पण कडेला झालर राहते, तिचे तुकडे खिशात पडतात आणि तारेचं टोक शर्टाला अडकतं. स्पायरलच्या आतल्या बाजूला बारीक भोकांची वेगळी रेघ असेल तरच विचार करा. तशी मिळते, पण शोधावी लागते.

डिंकाचं पॅड, म्हणजे वरच्या कडेला नुसता गोंद लावलेला गठ्ठा. पान एकदम स्वच्छ निघतं. टेबलावर ठेवायला याच्यासारखं काही नाही. पण आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो, उन्हात उभ्या बाइकच्या डिकीत तर विचारूच नका. गोंद मऊ पडतो किंवा तडकतो आणि एक दिवस डिकी उघडली की आत सुटी पानं.

वरच्या कडेला आरपार पिना आणि त्याखाली परफोरेशन, म्हणजे टपाल तिकिटांच्या मधे असते तशी भोकांची रेघ. गणपती मंडळाचं वर्गणीचं पावती पुस्तक आठवा, तीच बांधणी. पान रेघेवर फाटतं, पिनेकडची पट्टी जागेवर राहते, म्हणून उरलेली वही शेवटच्या पानापर्यंत घट्ट. आपल्याला हवी ती हीच.

परफोरेशन आहे म्हटलं तरी बोटाने चाचपून घ्या. भोकं शेवटच्या पानापर्यंत आरपार आहेत का? प्रेसमध्ये घाईत एकदम जास्त कागद यंत्रात घातले की वरच्या पानांना भोकं आणि खालच्यांना नुसते व्रण पडतात. वहीची पहिली दहा पानं छान सुटतात, नंतर अर्धी चिठ्ठी वहीत आणि अर्धी हातात. दुकानात शेवटून तिसरं पान उघडून बघायची सवय लावा.

३. कागद दुकानातच तपासा

सोबत एवढं न्या: रोज वापरता तेच पेन, पट्टी, पाण्याची बाटली. दुकानदाराला स्वच्छ सांगा की चार वह्या घ्यायच्या आहेत, एकीच्या शेवटच्या पानावर लिहून बघतो. चार घेणाऱ्याला मला तरी कोणी नाही म्हटलेलं नाही.

लिहा आणि उलटं बघा. अक्षर मागून नुसतं दिसत असेल तर चालेल. शाई मागे *उतरली* असेल तर नको. मग अक्षराची कड बघा. कडेला मुळ्या फुटल्यासारख्या रेषा दिसल्या तर कागद शाई पितो. कागद मुळात तंतूंचाच असतो, आणि तंतू पाणी शोषतात. गिरणीत स्टार्चसारखे पदार्थ वापरून ते शोषणं कमी करतात. जिथे त्यात काटकसर, तिथे शाई पसरते.

एका शब्दावर पाण्याचं बोट ठेवा, दहा मोजा, पुसा. ही परीक्षा माझ्यासाठी सगळ्यात मोठी. पण तिच्यात कागदाइतकाच पेनाचा भाग असतो, ते पुढे सांगतो.

पान उजेडाकडे धरा. आत ढगांसारखे जाड-पातळ डाग दिसले तर पातळ जागी शाई उतरेल आणि फाडताना रेघ तिथेच सोडेल. बोटाने चोळल्यावर पांढरी भुकटी लागली तर तो कागद बॉलपेनच्या टोकात कचरा भरणार.

गुळगुळीत चकचकीत कागदाला भुलू नका. नववर्षाला कंपन्या वाटतात त्या डायऱ्यांत असा असतो. त्यावर जेलची शाई वाळायलाच वेळ लागतो आणि तोवर अंगठा फिरलेला असतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. वहीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास नसेल तर वजन करा. सोळा ए-फोर मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो, त्यामुळे ८० जीएसएमचा एक ए-फोर ५ ग्रॅम भरतो आणि ७० चा ४.४ च्या आसपास. जळगावात सोन्याचा काटा काही दुर्मीळ नाही. ओळखीच्या सराफाकडे मी पाच-पाच कागद तोलून घेतले आहेत, आणि ८० म्हणून विकलेला एक कागद ७० चा निघाला. ए-सेव्हनच्या ५० पानांच्या वहीचं पुठ्ठ्याशिवाय वजन ८० जीएसएमला साधारण ३१ ग्रॅम यायला हवं.

चिठ्ठीसाठी ७० ते ८० पुरतं. १०० चा कागद दोन्ही बाजूंनी सुरेख चालतो, पण वही जाड होते आणि घडी घातली की चिठ्ठी खिशात फुगते. आणि आकडा मोठा म्हणजे कागद चांगला असंही नाही. ७० चा चांगला मॅपलिथो, म्हणजे पुस्तकं छापायला वापरतात तो पांढरा कागद, ८० च्या भुसभुशीत कागदाला मागे टाकतो.

राहिली ती कागदाची दिशा. वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, सरळ फाटेल. आडवं फाडा, वाकडंतिकडं जाईल. तंतू एका दिशेने आडवे झालेले असतात आणि फाटही त्याच दिशेने पळते. वहीचं पान ज्या रेघेवर फाडायचं, ती रेघ तंतूंच्या दिशेने असली तर परफोरेशन साधं असूनही पान सुरीने कापल्यासारखं सुटतं. उलट असली तर चांगलं परफोरेशनही दगा देतं. हे कळेपर्यंत मी वर्षभर प्रेसवाल्यालाच दोष देत होतो.

४. तयार वही घ्यायची तर

मृगाच्या आधी, शाळांच्या हंगामात स्टेशनरीच्या दुकानांत माल भरपूर असतो, पण दुकानदाराला बोलायला उसंत नसते. शाळा सुरू होऊन महिना झाला की जा. जळगावात मी फुले मार्केटपासून चालत सुरुवात करतो, धुळ्यात आग्रा रोडवरून. 'पॉकेट नोटबुक' मागितलं की स्पायरल पुढे येते. त्याऐवजी 'वरून उघडणारं, परफोरेशनचं पॅड' असं मागा.

परदेशी वह्यांपैकी ऱ्होडिया या फ्रेंच कंपनीची नारिंगी पॅडं या कामाला फार चांगली. नंबर ११ म्हणजे ए-सेव्हन, नंबर १२ म्हणजे ८५ गुणिले १२० मिमी. वरून पिना, बारीक परफोरेशन, ८० जीएसएमचा कागद आणि ८० पानं. मी एक मागवलं आणि पहिल्या पानालाच कळलं की आपण काय शोधत होतो. पण रोज पंधरा-वीस चिठ्ठ्या फाडणाऱ्याला ते परवडत नाही. एक नमुना म्हणून घ्या, प्रेसवाल्याला दाखवायला फार उपयोगी पडतो.

ऑनलाइन घेताना दोन ठिकाणी फसगत होते. १०० पेजेस म्हणजे ५० पानं, दोन्ही बाजू मोजलेल्या असतात. आणि काही वह्यांत फक्त शेवटची थोडीच पानं सुटणारी असतात. मोलस्किनच्या कॅहिए मालिकेत शेवटची १६ पानंच तशी आहेत. वर्णनात 'परफोरेटेड' शब्द दिसला तरी 'सगळी पानं' असं लिहिलंय का ते वाचा.

५. सगळ्यात चांगला मार्ग: गावातल्या प्रेसमध्ये करून घ्या

ज्या प्रेसमध्ये पावती पुस्तकं आणि बिलबुकं होतात, तिथे कटिंगचं यंत्र असतं, परफोरेशनचं असतं आणि जाड पिना मारायचंही असतं. म्हणजे आपल्याला हवी ती वही तिथे रोज तयार होत असते, फक्त तिच्यावर कोणाचं तरी नाव छापलेलं असतं. आपल्याला कोरं पावती पुस्तक हवंय, एवढंच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रेसच्या काकांनी विचारलं, "छापायचं काय?"

"काहीच नाही. कोरं."

"मग भाऊ, प्रेसमध्ये कशाला आलात?"

मी खिशातून फाटकी स्पायरल आणि ऱ्होडियाचं पॅड दोन्ही काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी पॅडचं एक पान फाडलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे होईल. पण सीझन संपू द्या."

सीझनचं त्यांचं म्हणणं लक्षात ठेवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका सुरू होतात त्या उन्हाळाभर. श्रावणात गणपतीची पावती पुस्तकं, लगेच नवरात्राची. निवडणूक लागली तर प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आषाढातले तीन-चार आठवडे सगळ्यात मोकळे.

कागद स्वतः घेऊन जा. प्रेसमध्ये पावती पुस्तकाला बऱ्याचदा क्रीमवोव्ह नावाचा कागद वापरतात, तो पातळ असतो आणि शाई पितो. चांगला मॅपलिथो मागा, किंवा ७५-८० जीएसएमचा कॉपिअर म्हणजे झेरॉक्सचा कागद निवडून, वरच्या सगळ्या परीक्षा करून न्या. आपलं एरंडोल एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी ओळखलं जायचं. आता आपल्या हाती येतो तो गिरणीचा कागद, त्यामुळे निवड करणं तेवढंच आपल्याकडे.

ए-फोर कॉपिअर कागदाचे तंतू सहसा लांब बाजूच्या दिशेने असतात. त्याचे आठ तुकडे केले की ७४ मिमीची बाजू तंतूंच्या दिशेने येते. वही वरून, म्हणजे त्याच ७४ मिमीच्या बाजूला बांधली की पान सरळ फाटणार. म्हणून ए-सेव्हन वही पुस्तकासारखी बाजूने बांधू देऊ नका. आधी एक कागद फाडून दिशा तपासा, मगच गठ्ठा यंत्राखाली जाऊ द्या.

आणखी एक युक्ती काकांनीच दाखवली. कागद कापण्याआधी परफोरेशन करायचं. ए-फोरच्या दोन्ही लांब कडांपासून १२ मिमी आत एकेक रेघ मारली की आठही तुकड्यांचं काम दोन रेघांत होतं. मग ५० कागदांचा गठ्ठा कापला की ५०-५० पानांच्या आठ वह्या तयार. पहिल्यांदा एवढंच करून घ्या. पूर्ण रीम, म्हणजे ५०० कागद किंवा ८० वह्या, नमुना पटल्यावर.

प्रेसला द्यायच्या कागदावर मी हे लिहून देतो:

माप ७४ गुणिले १०५ मिमी, बांधणी ७४ च्या बाजूला.
परफोरेशन वरून १२ मिमीवर, थोडे-थोडे कागद घेऊन.
दोन पिना वरून ५ मिमीवर. पिन किंवा डिंक रेघेवर नको.
मागे जाड करडा पुठ्ठा, पुढे कार्डशीट, वरून उलटणारं.
पिनांवर कापडी पट्टी.

पुठ्ठ्यात कंजूषी करू नका. शेतात टेबल नसतं, तो पुठ्ठाच टेबल. कापडी पट्टी विसरलात तर पिनेची टोकं मोबाइलच्या काचेवर रेघा ओढतात. १२ मिमी पट्टीत गेल्यावर चिठ्ठी ७४ गुणिले ९३ ची उरते. मोठी हवी असेल तर लीगल कागद, २१५ गुणिले ३४५ चा, घ्या. त्याचे तसेच आठ केले की साधारण ८६ गुणिले १०७ मिमी मिळतात.

दर आधी ठरवा आणि सुटा विचारा: कटिंगचे किती, परफोरेशनचे किती, बांधणीचे किती. छपाई नसल्याने काही जण काम हलकं समजून मागे टाकतात. थोडा ॲडव्हान्स द्या आणि तारीख लिहून घ्या.

ज्यांना दिलेल्या चिठ्ठीची नक्कल ठेवायची आहे त्यांनी पावती पुस्तकाचीच पद्धत घ्यावी: एक परफोरेशनचं पान, त्याखाली एक साधं, मधे कार्बन. मी आता हीच वापरतो. कोणाला काय लिहून दिलं हे सहा महिन्यांनी सांगता येतं. नक्कल नीट उठायला बॉलपेन दाबून चालवावं लागतं, आणि कार्बन उन्हापासून जपावा लागतो.

६. दोन-चारच वह्या हव्यात? शिलाई मशीन आहे ना

मशीनमधून दोरा काढून टाका, बॉबिनही. जाड सुई लावा, १६ किंवा १८ नंबरची, आणि जुनीच लावा, कारण कागदावर सुई बोथट होते. टाका साधारण ३ मिमीचा. एका वेळी तीन-चार कागद, पेन्सिलने आखलेल्या रेघेवरून हळू चालवा. टाका फार बारीक ठेवला तर पानं खिशातच गळतात, फार मोठा ठेवला तर फाट रेघ सोडते. आधी रद्दी कागदावर जमवा. मग कटरने आणि लोखंडी पट्टीने कापा, वर पुठ्ठा लावून जाड स्टेपलरने दोन पिना मारा. गावातले टेलरभाऊ दिवाळी आणि लग्नसराई सोडून कधीही करून देतात.

७. वापरताना

पेन बॉलपेनच. त्याची शाई तेलावर असते, घामाने पसरत नाही. साध्या जेलची आणि फाउंटनची पाण्यावर असते. मला फाउंटन पेन मनापासून आवडतं, घरची टिपणं मी त्यानेच लिहितो, पण दुसऱ्याच्या खिशात जाणाऱ्या चिठ्ठीला ते लावत नाही.

आकडा अक्षरातही लिहा. १.५ लिहिलं की शेजारी 'दीड'. टिंबाच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात वही झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा, आणि चिठ्ठी देताना तशीच एक पिशवी शेतकऱ्यालाही द्या. केळीच्या चिकाचे हात पुसूनच पान फाडा. तो डाग वाळला की काळपट होतो आणि खालचं अक्षर झाकतो.

फाडताना डाव्या हाताचा अंगठा रेघेच्या वर दाबून ठेवा आणि पान एका कोपऱ्यातून ओढा, मधून नाही. नव्या वहीचं पहिलं पान फाडण्याआधी रेघेवर एकदा पुढे-मागे घडी घाला.

नमुन्याच्या आठ वह्यांपैकी एक प्रेसमध्येच ठेवून या, तिच्या पुठ्ठ्यावर कागदाचं नाव, जीएसएम आणि तारीख लिहून. पुढच्या वेळी काका नसले आणि त्यांचा मुलगा बसलेला असला तरी तीच वही दाखवून तसंच काम करून मिळतं.